आईला घेऊन पाच दिवस मुंबई: मुक्काम दादरला, वाशीला की जुहूला?

जुळे सोलापुरातील एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. ते स्वतः, पत्नी, सातवीत आणि चौथीत शिकणारी दोन मुले आणि एकाहत्तर वर्षांची आई असे पाच जण पाच दिवसांसाठी मुंबईला जाणार आहेत. आईचे गुडघे दुखतात आणि परळच्या एका रुग्णालयात तिला सकाळी नऊची वेळ मिळाली आहे. उरलेल्या दिवसांत गेटवे, घारापुरी, वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, सिद्धिविनायक, महालक्ष्मी आणि जुहूचा किनारा पाहायचा आहे. कार्यालयातील सहकारी म्हणतात की वाशीला राहा, तेवढ्याच पैशांत मोठी खोली मिळते. मुलांना समुद्रापाशी, म्हणजे जुहूला राहायचे आहे. डोंबिवलीची बहीण म्हणते की घर असताना लॉज कशाला. तर मुक्काम कुठे करावा?

गेली सव्वीस वर्षे मी सोलापुरातून कुटुंबांच्या, शाळांच्या आणि रुग्णांना घेऊन जाणाऱ्या मंडळींच्या प्रवासाची व मुक्कामाची व्यवस्था करतो. त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा गाव मुंबईच असते. हाच प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो आणि बहुतेक वेळा तो ‘चांगला भाग कोणता’ अशा स्वरूपात येतो. आपण वेगवेगळ्या माणसांनी सुचवलेली तीन ठिकाणे मांडली आहेत आणि ती तिन्ही आपापल्या परीने चांगलीच आहेत. म्हणून मी प्रश्न थोडा बदलून घेतो. सकाळी आठ वाजता आईला घेऊन आपल्याला कुठे जायचे आहे, संध्याकाळी सात वाजता दमलेल्या मुलांना घेऊन कुठून परतायचे आहे, आणि त्या दोन्ही वेळांना मुंबईची गर्दी कोणत्या दिशेने वाहत असते? मुक्कामाची जागा या तीन गोष्टींवरून ठरवावी. खोलीचा आकार, भाडे आणि खिडकीतून दिसणारा समुद्र हा विचार त्यानंतरचा.

आपली मोजणी कुठे चुकते, ते आधी सांगतो. सोलापुरात विजापूर रस्त्यावर राहणारा माणूस रिक्षाने किंवा दुचाकीने नवी पेठेत, बाळीवेशीत, स्टेशनवर अर्ध्या तासाच्या आत पोहोचतो, आणि सकाळ असो की संध्याकाळ, त्यात फारसा फरक पडत नाही. त्या सवयीने आपण मुंबईचा नकाशा उघडतो, वाशी ते गेटवे पंचवीस-तीस किलोमीटर दिसते आणि तासाभरात जाऊ असे धरून चालतो. मुंबईत मात्र तेच अंतर दुपारी बारा वाजता एक असते आणि सकाळी नऊ वाजता निराळेच. शहर उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि सरकारी कचेऱ्या, न्यायालये, बँका दक्षिणेच्या टोकाला आहेत. म्हणून शतकभराहून अधिक काळ तिथली माणसे सकाळी दक्षिणेकडे जातात आणि संध्याकाळी उत्तरेकडे परततात. आता लोअर परळ, वांद्रे-कुर्ला संकुल आणि अंधेरी इथेही मोठी कार्यालये झाल्याने उलट दिशेची लोकलही पूर्वीइतकी रिकामी राहिलेली नाही. तरीही सकाळी आठ ते अकरा या वेळात चर्चगेटकडे किंवा सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीत मुले आणि वृद्ध आई यांच्यासह चढणे हे नवख्या माणसाचे काम नाही.

आपण पाहायला जाणार आहात त्या जागा बहुतेक सगळ्या दक्षिणेला आणि मध्यावर आहेत. त्यामुळे उत्तरेच्या किंवा खाडीपलीकडच्या उपनगरात राहिलात, तर रोज सकाळी आपण गर्दीच्या दिशेने निघाल आणि रोज संध्याकाळी गर्दीबरोबरच परताल. पर्यटकाने नेमके हेच टाळायला हवे.

वाशीचे म्हणणे आधी पाहू, कारण ते पैशांवर उभे आहे आणि पैशांचा विचार मी कधीही कमी लेखत नाही. वाशीला खोल्या खरोखर प्रशस्त मिळतात, रस्ते रुंद आहेत, गाडी लावायला जागा असते. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना, बाजार समितीत काम असलेल्या आपल्याकडच्या कांदा व्यापाऱ्यांना किंवा नवी मुंबईत परीक्षा असलेल्या मुलांना मी वाशीच सुचवतो. पण वाशी हार्बर मार्गावर आहे. तिथून सीएसएमटीला लोकलने पाऊण तासाहून जास्त लागतो आणि दादरला जायचे तर कुर्ल्याला उतरून, जिना चढून गाडी बदलावी लागते. गुडघे दुखणाऱ्या आईला कुर्ल्याचा तो जिना मी सकाळी नऊ वाजता दाखवणार नाही. टॅक्सीने जावे, तर दोन्ही वेळचे भाडे धरून खोलीत वाचलेले पैसे तिसऱ्या दिवसाच्या आतच संपतात.

इथे आपल्या कुटुंबाची एक खास अडचण आहे, ती म्हणजे पाच हा आकडा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चार जणांना बसता येते, रिक्षात तिघांना. पाच जणांना प्रत्येक वेळी दोन टॅक्सी, दोन रिक्षा किंवा मोबाइलवरून मागवलेली मोठी गाडी लागते, आणि तशी गाडी गर्दीच्या वेळी लवकर मिळत नाही. शिवाय पश्चिमेला वांद्र्याच्या आणि पूर्वेला शीवच्या पुढे दक्षिणेकडे रिक्षा चालतच नाहीत, हे अनेकांना तिथे गेल्यावर कळते. म्हणून पाच जणांच्या कुटुंबाने शक्य तितके चालत, मेट्रोने आणि दुपारच्या लोकलने फिरता येईल अशीच जागा निवडावी. चौघे असता तर माझे उत्तर थोडे सैल असते.

जुहूबद्दल मुलांचे मन मोडू नये असे मलाही वाटते. पण जुहूला रेल्वे स्थानक नाही. जवळची स्थानके म्हणजे विलेपार्ले, सांताक्रूझ आणि अंधेरी, आणि तिथवर जाण्यातच रोज अर्धा तास जातो. समुद्रालगतच्या खोल्यांचे भाडे समुद्रामुळे वाढलेले असते. दिवसभर आपण तिथे नसणार, मग ज्या समुद्राचे पैसे मोजले तो रात्री अंधारातच दिसायचा. किनारा एका संध्याकाळचा विषय आहे. रविवार सोडून एखाद्या दिवशी दुपारी साडेतीनला निघा, सूर्यास्त पाहा, मुलांना वाळूत मनसोक्त खेळू द्या आणि रात्री आठनंतर दक्षिणेकडे परत या. त्या वेळी गर्दी उत्तरेकडे जात असते, आपण उलट येता.

आता माझे उत्तर. आपल्या कुटुंबाने दादरला राहावे, आणि मिळाली तर पश्चिमेला, शिवाजी पार्क ते गोखले रस्ता या पट्ट्यात खोली घ्यावी. ती मिळाली नाही, तर पूर्वेला हिंदू कॉलनीच्या बाजूला घ्यावी. कारणे नीट सांगतो, म्हणजे आपल्या परिस्थितीत काही बदलले तर आपल्यालाच उत्तर बदलता येईल.

पहिले कारण आईची नऊची वेळ. सहलीतली इतर सगळी कामे पुढेमागे होऊ शकतात, हे एक होत नाही. मुक्काम ठरवताना जे काम हलवता येत नाही त्यापासून मोजायला सुरुवात करावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. मग ते रुग्णालय असो, उच्च न्यायालयातली तारीख असो की वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातली व्हिसाची मुलाखत असो. दादर ते परळ अंतर थोडे आहे. लोकलने एकच स्थानक आहे, पण जिने दोन्हीकडे आहेत, म्हणून आईला टॅक्सीनेच न्यावे. इथे एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी. परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. तेव्हापासून पश्चिमेहून परळला जाणाऱ्या गाड्या दादरच्या टिळक पुलावरून किंवा दक्षिणेच्या करी रोडच्या बाजूने वळतात आणि सकाळी त्या पुलांवर ताण येतो. पश्चिमेला राहिलात तर नऊच्या वेळेसाठी आठला निघावे. पूर्वेला राहिलात तर हा पूल मध्ये येतच नाही.

मग मी पश्चिम का म्हणतो? कारण रुग्णालय एका दिवसाचे आहे आणि मुक्काम पाच दिवसांचा. घारापुरीच्या दिवशी आई बरोबर येईलच असे नाही. गेटवेहून बोटीने सुमारे तास, तिथे धक्क्यापासून थोडे अंतर छोट्या गाडीने आणि मग लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या, असा तो प्रवास आहे. डोलीची सोय असते, पण डोलीत बसायला अनेक आया संकोच करतात. त्या दिवशी आई खोलीवर राहिली, तर तिचा दिवस कसा जाईल याचा विचार खोली घेतानाच करायला हवा. या बाबतीत माझे मत ठाम आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मी माढ्याच्या एका कुटुंबाला मुंबईतल्या एका गजबजलेल्या व्यापारी गल्लीतील लॉजवर उतरवले होते. खोली स्वच्छ होती, भाडे बेताचे होते आणि स्थानक पाच मिनिटांवर होते. मंडळी दोन दिवस फिरत राहिली आणि त्यांची आजी दोन्ही दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी बसून राहिली. खाली हातगाड्या, टेम्पो आणि हमालांची इतकी दाटी होती की तिला एकटीने रस्ता ओलांडता येत नव्हता आणि बसायला एक बाकही नव्हता. परतल्यावर ती तक्रार म्हणून काही बोलली नाही. मुंबई कशी वाटली असे मी विचारले, तेव्हा तिने मला त्या खिडकीसमोरच्या दुकानावरची पाटी जशीच्या तशी म्हणून दाखवली. दोन दिवसांत ती पाटी तिची पाठ झाली होती. तेव्हापासून, ‘दिवसा खोलीवर कोण राहणार आहे?’ हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो.

शिवाजी पार्कला मैदानाभोवती बसायला सलग कट्टा आहे. सकाळी आणि संध्याकाळी आईच्या वयाची माणसे तिथे मराठीत बोलत बसलेली असतात. जवळ गणपतीचे मंदिर आहे, पदपथ बरे आहेत आणि समुद्रही पायी जाण्याजोगा आहे. आई तिथे तासभर एकटी बसू शकते. मुलांना मैदान मिळते, त्यामुळे संध्याकाळी खोलीत कोंडून घ्यावे लागत नाही. रानडे रस्त्याच्या आसपास थालीपीठ, साबुदाणा वडा, पियूष आणि साधे वरण-भात-भाजीचे ताट मिळणारी ठिकाणे पायी अंतरावर आहेत. आईला तिखट चालत नसेल, तर हे फार उपयोगी पडते. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असू द्यावी, ती पाच दिवस सहज टिकते आणि बोटीच्या दिवशी कामी येते.

दुसरे कारण रेल्वेचे आहे. दादर हे पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांवरचे स्थानक आहे. राणीच्या बागेसाठी भायखळ्याला जायचे तर मध्य मार्ग, जुहूसाठी विलेपार्ल्याला जायचे तर पश्चिम मार्ग, आणि दोन्हीसाठी मध्ये गाडी बदलावी लागत नाही. डिसेंबर २०२३ पासून इथल्या फलाटांना सलग क्रमांक दिले आहेत. १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे, एवढे मुलांना पाठ करायला सांगा, चुकामूक होणार नाही. लोकल फक्त सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळातच वापरावी, आणि दादरला उतरायचे असेल तेव्हा आधीचे स्थानक जाताच सर्वांनी दाराकडे सरकावे. रविवारी देखभालीसाठी काही मार्गांवर मेगाब्लॉक असतो आणि गाड्या कमी धावतात, म्हणून त्या दिवशी लोकलवर अवलंबून राहू नये.

तिसरे कारण नवे आहे आणि त्याने माझा जुना सल्ला थोडा बदलला आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर लांबीच्या आणि २७ स्थानकांच्या या मार्गाचे दादर स्थानक पश्चिमेला आहे. तिथून दक्षिणेकडचे पुढचेच स्थानक सिद्धिविनायक. पुढे विज्ञान केंद्र, महालक्ष्मी, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी आपल्या यादीतली जवळजवळ सगळी दक्षिण मुंबई त्याच एका गाडीत येते. उद्वाहक आहे, सरकते जिने आहेत, डबा थंड आहे आणि पाचही जण एकत्र राहतात. पूर्वी मी फक्त दक्षिण मुंबई पाहायला जाणाऱ्यांना डोळे झाकून फोर्टला राहायला सांगत असे, आता तेवढा आग्रह राहिला नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. महालक्ष्मीचे मंदिर महालक्ष्मी स्थानकाला लागून नाही. ते भुलाभाई देसाई रस्त्यावर समुद्रालगत आहे. नावावरून अंदाज बांधून आईला चालवत नेऊ नका, स्थानकाबाहेर टॅक्सी करा.

फोर्ट आणि सीएसएमटीच्या परिसराचा विचार तरीही करावा, कारण त्याचे आकर्षण खरे आहे. ते टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या जुन्या इमारतींचा समूह २०१८ मध्ये त्या यादीत आला. रात्री जेवण झाल्यावर मुलांना घेऊन त्या दिव्यांमध्ये फेरफटका मारणे हा आनंद दादरला मिळत नाही. पण दोन अडचणी आहेत. फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग आहे, रविवारी आणि रात्री तिथली बरीच खाण्याची ठिकाणे बंद असतात. दुसरी अडचण इमारतींची. तिथले बरेच लॉज जुन्या दगडी इमारतींमध्ये आहेत आणि ‘लिफ्ट आहे’ हे त्यांचे म्हणणे खरेच असते. मात्र रस्त्यावरून लिफ्टपर्यंत जायला दहा-बारा उंच लाकडी पायऱ्या असतात, किंवा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते आणि उरलेला अर्धा जिना चढावा लागतो. निरोगी माणसाच्या हे लक्षातही येत नाही. आपल्या आईसाठी मात्र त्या दहा पायऱ्या दिवसातून चार वेळा म्हणजे चाळीस होतात.

म्हणून लॉजला दूरध्वनी करताना ‘लिफ्ट आहे का’ असे विचारू नये. ‘रस्त्यावरून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत’ असे विचारावे. उत्तर द्यायला समोरच्याला थोडा वेळ लागला, तर समजावे की तो मनातल्या मनात मोजतो आहे आणि उत्तर खरे येणार आहे. त्यासोबत स्नानगृहातले शौचालय पाश्चात्त्य पद्धतीचे आहे का, आणि पाच जणांना एक मोठी खोली देणार की शेजारच्या दोन, हेही विचारून घ्यावे. ‘दादर’ या नावावरही विसंबू नये. नायगाव, वडाळा, परळ इथल्या काही जागाही आपल्या पत्त्यात दादर लिहितात. जवळची ठळक खूण विचारावी. पश्चिमेला प्लाझा चित्रपटगृह किंवा शिवाजी मंदिर नाट्यगृह आणि पूर्वेला खोदादाद सर्कल या खुणांपासून चालत किती मिनिटे, असे विचारले की जागा नेमकी कळते. मी स्वतः अनोळखी लॉजला रात्री आठच्या सुमारास दूरध्वनी करतो, कारण त्या वेळी मागून येणाऱ्या आवाजावरून रस्ता कसा आहे ते समजते.

दादरचे दोषही सांगितले पाहिजेत. स्थानकालगतचा भाग अतिशय गजबजलेला आहे. पहाटे फुलबाजार भरतो आणि दिवसभर फेरीवाले असतात. म्हणून खोली स्थानकाला चिकटून न घेता आठ-दहा मिनिटे आत घ्यावी. जोरदार पावसात पूर्वेला हिंदमाता परिसरात पाणी साचते, ते दरवर्षी आपण बातम्यांत पाहतो. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल, तर परळच्या दिवशी हाताशी जास्त वेळ ठेवावा, आणि समुद्र खवळलेला असेल तर घारापुरीच्या बोटी थांबतात हेही गृहीत धरावे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायचे असेल, तर दादरचा विचार नव्याने करावा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात, आपल्या जिल्ह्यातूनही मोठ्या संख्येने जातात. त्या दिवसांत शिवाजी पार्कचा सारा परिसर त्यांच्यासाठी असतो आणि तसा तो असावाही. आपण अभिवादनासाठी जाणार नसाल, तर तारखा आठवडाभर पुढे घ्याव्यात.

दिवसांची मांडणी मुक्कामाशी जोडलेली असते, म्हणून थोडक्यात सांगतो. रुग्णालय शक्य तितके सुरुवातीला ठेवावे, कारण डॉक्टर एखादी तपासणी सांगतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात. त्या दिवशी आईबरोबर एकानेच जावे आणि दुसऱ्याने मुलांना शिवाजी पार्कला न्यावे. घारापुरी सोमवारी बंद असते आणि राणीची बाग बुधवारी. सिद्धिविनायकाला मंगळवारी आईला रांगेत उभे करू नये. रविवारी गेटवे आणि वस्तुसंग्रहालय मेट्रोने करावे, फोर्टचे रस्ते त्या दिवशी मोकळे असतात.

डॉक्टरांनी आईला दाखल करून घ्यायला सांगितले, तर मात्र हे सगळे बदलते. मग मुक्काम सहलीचा राहत नाही, सोबत राहणाऱ्याचा होतो. त्यासाठी परळमध्येच, रुग्णालयापासून चालत जाता येईल अशी जागा पाहावी. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी विचारावे, कारण परळ-दादर भागात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी कमी खर्चातल्या संस्था आहेत. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा त्यांपैकी एक. पंढरपुरात यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी धर्मशाळा उभारणाऱ्या बाबांच्या कार्याचा हा मुंबईतला धागा मी अनेक कुटुंबांसाठी आधार ठरलेला पाहिला आहे. तिथे रुग्णालयाची कागदपत्रे लागतात, ती फाइल बरोबर ठेवावी.

जाण्याच्या गाडीचाही मुक्कामाशी संबंध आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापूरहून निघून सकाळी लवकर मुंबईत पोहोचते, तर बऱ्याच लॉजमध्ये खोली दुपारी बाराला मिळते. मधले चार-पाच तास सामान आणि आई यांना घेऊन कुठे बसायचे, हा प्रश्न उभा राहतो. सिद्धेश्वरने जाणार असाल तर चोवीस तासांच्या हिशेबाने खोली देणारा लॉज निवडावा किंवा लवकर प्रवेशाचे आधीच लेखी ठरवावे. आपल्यासाठी मला फेब्रुवारी २०२३ पासून सुरू असलेली वंदे भारत अधिक योग्य वाटते. ती पहाटे सोलापूरहून निघते, दुपारपर्यंत दादरला पोहोचते आणि तोवर खोली तयार असते. आईला बसून जावे लागेल हे खरे, पण वरचा-मधला बर्थ, अंधारात उतरणे आणि सकाळचे ताटकळणे हे तिन्ही टळते. दादरला गाडी थोडाच वेळ थांबते, म्हणून कल्याण सुटल्यावर सामान दाराजवळ आणून ठेवावे.

राहिली बहीण. डोंबिवलीहून रोज सकाळी आईला आणि मुलांना घेऊन मुंबईत येणे मी कोणालाही सुचवणार नाही. त्या स्थानकावरची सकाळची गर्दी रोज जाणाऱ्यांनाही जड जाते, हे बहिणीला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. पण तिचे निमंत्रण मोडण्याचे काही कारण नाही. चार रात्री दादरला काढाव्यात आणि पाचव्या दिवशी दुपारी, गर्दीची वेळ सुरू होण्याआधी, सामानासह तिच्याकडे जावे. आईला लेकीच्या घरी एक रात्र निवांत मिळेल. परतीची वंदे भारत दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईहून सुटते आणि कल्याणला थांबते. कल्याण डोंबिवलीपासून दोनच स्थानकांवर आहे, त्यामुळे पुन्हा मुंबईत जावे लागत नाही. तिकीट काढताना चढण्याचे स्थानक कल्याण असेच लिहावे. गाडी सोलापूरला रात्री उशिरा पोहोचते, त्या वेळी जुळे सोलापूरपर्यंत जाणारी रिक्षा आधीच सांगून ठेवावी.